देव्हाऱ्यातले बोलपट

‘अभिजात’ हा शब्द ज्या कोणी प्रथम चित्रपटाला चिकटवला, त्याने आपल्या जुन्या बोलपटांचे जेवढे नुकसान केले तेवढे ओलाव्याने, उकाड्याने आणि आगीने मिळूनही केले नसेल! हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. वाटू द्या. दिवाळी अंकातल्या लेखकाने गोड बोलावे अशी प्रथा आहे खरी. पण फराळाच्या ताटात करंजीशेजारी चकलीही असते, आणि ती काटेरी असते म्हणून कोणी उष्टी टाकीत नाही. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो, की हा लेख भांडणाचा आहे.

भांडण कोणाशी? पहिले भांडण पूजकांशी. ‘प्रभात’चे नाव काढताच हे लोक डोळे मिटतात, तुतारीचे चित्र आठवतात आणि ‘तसे आता होणे नाही’ असा निःश्वास टाकतात. त्यांना हळूच विचारा, ‘संत तुकाराम तुम्ही शेवटचा केव्हा पाहिला?’ म्हणजे निःश्वास थांबतो आणि आठवणीची शोधाशोध सुरू होते. लहानपणी शाळेने दाखवला होता. नाही, गणपतीत दाखवला होता. नाही, अर्धाच पाहिला होता, मग पाऊस आला! ज्याची थोरवी सर्वांना तोंडपाठ आहे आणि ज्याचे दर्शन कोणालाच नको आहे, अशा वस्तूला आपण अभिजात म्हणतो. देव्हाऱ्यात बसवले, हळदकुंकू वाहिले, कर्तव्य संपले!

दुसरे भांडण सोज्वळवाद्यांशी. यांचा दावा असा, की पूर्वीचे चित्रपट कसे स्वच्छ, साधे, घरातल्या सर्वांनी मांडीला मांडी लावून बघावेत असे. त्यांत कोणाला खटकेल असे काही नसायचे. या सद्‌गृहस्थांनी ते चित्रपट पाहिलेलेच नाहीत, याचा यापरता पुरावा काय हवा? तिसरे भांडण कंटाळवाद्यांशी. ‘फार संथ असतात हो,’ असे म्हणणारा हा पक्ष तीनशे भागांच्या मालिकेत एक सासू जिना उतरताना चार दिवस पाहत असतो!

आणि चौथे भांडण एका सज्जनांशी, ज्यांच्याविषयी मला आदर आहे. हे रसिक म्हणतात, की चित्रपट पाहायचा तर चित्रपटगृहातच. काळोखात, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या गर्दीत. घरच्या संचावर पाहणे म्हणजे समुद्र बादलीत पाहणे. ठीक आहे. पण महाराज, ‘कुंकू’ आज कोणत्या चित्रपटगृहाला लागला आहे ते सांगा, मी या क्षणी चपला पायांत घालतो! पुण्यामुंबईच्या एखाद्या महोत्सवात वर्षातून एक खेळ होतो. पण सावंतवाडीच्या, परभणीच्या, बेळगावच्या माणसाने काय करावे? समुद्र दूर असेल तर बादलीतल्या पाण्याने का होईना, अंघोळ करावी. पारोसे राहू नये.

पण माझा मुद्दा एवढाच नाही. घरी पाहणे ही नाइलाजाची तडजोड आहे, असे मी मानीतच नाही. मी उलट म्हणतो, की आपले उत्तम जुने बोलपट ही घराचीच मालमत्ता आहे. ते घराविषयी आहेत. त्यांतली भांडणे ओसरीवरची, माजघरातली आणि चुलीपुढची आहेत. ती ज्या जागेत जन्मली त्याच जागेत त्यांना परत आणले, तर ती पुन्हा पेटतात. आणि पेटली पाहिजेत! जुना बोलपट हा डोळे मिटून ऐकण्याचा हरिपाठ नव्हे. तो घरातल्या तीन पिढ्यांना एकाच प्रश्नापुढे बसवणारा एक भांडकुदळ पाहुणा आहे. दिवाळीत तीन पिढ्या एका छपराखाली येतात त्या वर्षातून चारपाच रात्री. आणि त्या रात्री आपण काय करतो? प्रत्येक जण आपापल्या मोबाईलचा निरांजनासारखा उजेड तोंडावर पाडून आपापल्या कोपऱ्यात बसतो. म्हणून मी या लेखात दिवाळीच्या सहा दिवसांचे सहा बोलपट सुचवणार आहे. तिथींचा क्षय होऊन दोन दिवस एकत्र आले, तर उरलेला बोलपट तुळशीच्या लग्नापर्यंत खुशाल ठेवावा.

वसुबारसेला ‘संत तुकाराम’. साल १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे पूजकांना ठाऊक असते. वारकऱ्यांच्या या बोलपटाच्या दोन कर्त्यांपैकी एक शेख फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सर्वांना आठवतात. मी मात्र तुम्हांला सांगतो, की त्यांच्याकडे थोडे दुर्लक्ष करा आणि जिजाईकडे पाहा. गौरीबाई या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या. कंपनीत किरकोळ कामे करीत पुढे आलेली ही बाई. तिने उभी केलेली जिजाई म्हणजे मराठी संसाराचा सातबारा आहे. तिची म्हैस आहे, तिची पोरे आहेत, तिची चूल आहे, आणि या तिन्हींकडे लक्ष नसलेला एक नवरा आहे. पोर तापाने फणफणते, तेव्हा ही बाई त्याला फरफटत देवळात नेते आणि पायातली चप्पल हातात घेऊन विठोबापुढे उभी राहते! ज्यांना हा बोलपट निव्वळ भक्तिरसाचा वाटतो, त्यांनी त्या चपलेचे काय करायचे ते ठरवावे.

माझ्या मते या बोलपटाचे सारे मोठेपण त्या चपलेत आहे. दामले-फत्तेलालांनी जिजाईला कजाग बायको म्हणून हास्यास्पद केले नाही आणि तुकोबांना निष्काळजी नवरा म्हणून दोषी ठरवले नाही. दोघांचीही बाजू खरी आहे. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, आणि जिजाईला मुलांच्या पोटाची चिंता सुटत नाही. विमान वर जाते. चूल खालीच राहते. बोलपट संपल्यावर घरातल्या पुरुषांना एकच प्रश्न विचारा: जिजाई वर गेली असती, तर पोरांना कोणी जेवू घातले असते? वसुबारसेला गाईची पूजा करतात. त्या दिवशी एकदा जिजाईच्या म्हशीलाही नमस्कार करायला हरकत नाही. घर तिच्या दुधावर चालले होते.

धनत्रयोदशीला ‘शेजारी’. साल १९४१, कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचे. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा असे दोन म्हातारे शेजारी राहतात. धरण बांधणाऱ्या कंपनीला गावाच्या जमिनी हव्या आहेत. हे दोघे एक आहेत तोवर त्या मिळत नाहीत. म्हणून त्यांच्यात फूट पाडली जाते. जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. याच बोलपटाची ‘पडोसी’ ही हिंदी आवृत्ती निघाली, तेव्हा हिंदू म्हाताऱ्याचे काम मझहर खान यांनी केले आणि मुसलमान म्हाताऱ्याचे जागीरदारांनी. म्हणजे माणसांची अदलाबदल करून दाखवली, की बघा, दाढी आणि पगडी काढली तर खाली काय उरते ते! फाळणीला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता.

हा बोलपट पाहून ‘किती छान ऐक्याचा संदेश’ असे जो म्हणेल, त्याला एक चकली कमी द्यावी. ऐक्याचा संदेश भिंतीवरच्या फलकातही असतो. ‘शेजारी’ त्यापेक्षा फार धारदार गोष्ट सांगतो: दोन शेजारी आपोआप भांडत नाहीत, त्यांना भांडवावे लागते, आणि भांडवणाऱ्याचा त्यात पैसा असतो. धनाच्या पूजेच्या दिवशी हे समजून घेणे योग्यच. धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे म्हातारे एकत्र जातात, तेव्हा पोरांना विचारा, यांना मारले कोणी? आणि आपल्या जिन्यावर, समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक आहे का, तेही विचारा.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, मग फराळ, मग दुपारी ‘ब्रह्मचारी’. सोज्वळवाद्यांना मुद्दाम पुढच्या पाटावर बसवावे! साल १९३८, लेखणी आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, आणि नायकही तेच. औदुंबर नावाचा तरुण एक जळजळीत व्याख्यान ऐकतो, ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, आश्रमात दाखल होतो; आणि किशोरी नावाची एक मुलगी त्या व्रताची यथासांग धूळधाण उडवते. मीनाक्षीबाईंनी त्यात पोहण्याचा पोशाख घालून गाणे म्हटले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. आपल्या आज्या आणि पणज्या ज्या काळात नऊवारीत वावरत होत्या, त्या काळचा हा मराठी बोलपट आहे. ‘तो काळच सोज्वळ होता’ म्हणणाऱ्यांनी आता काय म्हणावे?

पण पोशाखावर थांबू नका. अत्र्यांचा नेम दुसरीकडे आहे. तरुणांना छातीठोक व्याख्याने देऊन त्यांच्याकडून अशक्य शपथा वदवून घेणारे, शिस्तीच्या नावाने त्यांचे हसू काढून घेणारे जे बुवा असतात, त्यांच्यावर तो आहे. असे बुवा आता संपले आहेत काय? ज्या घरात सोळासतरा वर्षांचा मुलगा असेल, त्या घरात हा बोलपट अवश्य लावावा. तो पोट धरून हसेल, आणि पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून मुठी आवळल्या, की त्याला औदुंबर आठवेल. शंभर उपदेशांनी जे होत नाही ते एका हसण्याने होते. हा गुण मराठी विनोदाच्या रक्तातला आहे. त्याची चटक लागली, तर १९५२ सालचा राजा परांजप्यांचा ‘लाखाची गोष्ट’ आणि १९५३ सालचा पु. ल. देशपांड्यांचा ‘गुळाचा गणपती’ हे पुढच्या रविवारांसाठी राखून ठेवावेत.

लक्ष्मीपूजनाला ‘श्यामची आई’. दचकू नका! दिव्यांच्या झगमगाटात हा रडका बोलपट कशाला, असे वाटेल. पण तो रडका आहे, हीच आपण त्याच्यावर लादलेली बदनामी आहे. साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी तो काढला १९५३ साली. १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले, ते याला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. तेव्हापासून आपण त्याचे संस्काराचे औषध केले आहे. मूल हट्टी झाले, की एक चमचा श्यामची आई! मुलांनी नाक मुरडले तर नवल कसले?

माझे म्हणणे असे, की या बोलपटाकडे आईच्या मायेची गोष्ट म्हणून न पाहता एकदा कर्जाची गोष्ट म्हणून पाहा. सुखवस्तू घर हळूहळू बुडत आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन घरच्या लक्ष्मीला नको ते बोलतो. अंगावरचे दागिने जातात, घराची अब्रू जाते, आणि या सगळ्यात ती बाई मुलाला शिकवते, की गरिबी ही लाज नव्हे, लाचारी ही लाज. ती त्याला पोहायला शिकावे म्हणून शिमटीने मारते. ती मऊ नाही, ती कणखर आहे; कारण आपण फार दिवस पुरणार नाही, हे तिला कळत चालले आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरोघर हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू ओळीने मांडलेल्या असतात. मोटार हप्त्याची, संच हप्त्याचा, कदाचित ज्या भिंतीवर तो टांगला ती भिंतही हप्त्याची! त्या संचावर ‘श्यामची आई’ लावण्यात एक न्याय आहे. मुलांना रडवण्यासाठी नव्हे. आईबापांना जरा गप्प बसवण्यासाठी.

पाडव्याला ‘कुंकू’. हा दिवस मी मुद्दाम निवडला आहे. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताटात ओवाळणी टाकतो. त्याच संध्याकाळी ही नीरा पाहावी. साल १९३७; नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी तो केला. मामाने फसवून नीरेचे लग्न काकासाहेब नावाच्या वयस्क, विधुर वकिलाशी लावून दिले आहे. शांता आपट्यांची नीरा रडत नाही, विहीर जवळ करीत नाही आणि पळूनही जात नाही. ती घरात राहते, आणि त्या लग्नाला लग्न म्हणायचे साफ नाकारते. सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा त्याला झोडपून काढते. पार्श्वसंगीत या बोलपटात जवळजवळ नाहीच. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात, आणि भिंतीवरचे जुने घड्याळ म्हाताऱ्याचे वय मोजीत राहते. आजच्या चित्रपटात एखाद्याने डोळे पुसले तरी चाळीस व्हायोलिने वाजतात. त्यांनी या मुक्या भिंतींपाशी शिकवणी लावावी.

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या रात्री आमच्या घरी हा बोलपट लावला होता. माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या होती, पुतण्या आणि त्याची नवी नवरी होती, आणखी चारसहा मंडळी होती. शेवटी काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो. नीरेला मोकळे करणारे पत्र लिहून ते जीव देतात. पुतण्या म्हणाला, ‘काही म्हणा, माणूस शेवटी मोठ्या मनाचा निघाला.’ दोघातिघांनी मान डोलावली. आत्या तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘कसला मोठा? मेला तो सुटला. पत्र लिहून सुटला! उद्या वाड्यातल्या बायका तिला काय काय म्हणतील, ते ऐकायला तो आहे का?’ मग जे भांडण जुंपले ते मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होते. नवी नवरी, जी सकाळपासून ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे बोलली नव्हती, ती आत्याच्या बाजूने अशी काही लढली, की पुतण्याने दुसऱ्या दिवशी स्वतः उठून चहा केला. आत्याच्या तोंडून तिच्या वेळच्या दोन लग्नांच्या हकीकती त्या रात्री प्रथमच निघाल्या. आम्ही तिला साठ वर्षे ओळखत होतो, आणि त्या आम्हांला ठाऊक नव्हत्या!

आता सांगा, हे चित्रपटगृहात झाले असते का? दिवे लागताच माणसे रिक्षा शोधायला धावली असती. ‘कुंकू’ हा घरात पाहण्याचा बोलपट आहे, कारण त्याचा उरलेला भाग बोलपट संपल्यावर सुरू होतो. आणि हा काही जुनाट प्रश्न आहे, अशा भ्रमात राहू नका. जरठ-कुमारी विवाह गेले; पण मुलीच्या मनाविरुद्ध तिचे आयुष्य ठरवणारे मामा गेले काय?

भाऊबीजेला मात्र मी तुम्हांला परदेशी नेणार आहे. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. आता कंटाळवादी दाराकडे पाहू लागतील! जपानी भाषा, काळापांढरा रंग, आणि संथ. होय, संथ आहे. म्हातारी माणसे जिना जितक्या संथपणे चढतात तितकाच. ओनोमिची नावाच्या गावाहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर आहे, त्याला वेळ नाही. मुलीचे केस बांधायचे दुकान आहे, तिलाही वेळ नाही. कोणी दुष्ट नाही. सर्वांना कामे आहेत. शेवटी भावंडे वर्गणी काढून म्हाताऱ्यांना एका गरम झऱ्याच्या गावी पाठवून देतात, म्हणजे घरातली अडचण दूर होते. त्यांच्याशी मायेने वागते ती एकटी नोरिको, युद्धात वारलेल्या मुलाची बायको. जिच्यावर आता कोणताही हक्क उरलेला नाही. आणि आईच्या अंत्यविधीनंतर, जेवता जेवता, लेक आईच्या कपड्यांपैकी आपल्याला काय हवे ते सांगून टाकते!

ओझू कॅमेरा पुष्कळदा जमिनीलगत ठेवतात. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. म्हणून हा बोलपट खुर्च्या बाजूला सारून, सतरंजीवर बसून पाहावा. आपण त्याच घरात बसलो आहोत असे वाटते. खालची इंग्रजी अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी घरातल्या एखाद्या नातवाने ती मराठीत सांगावीत. त्यात बोलपटाचा रसभंग होतो असे शहाणे म्हणतात; मी म्हणतो, नातू आजीला दोन तास काही समजावून सांगतो आहे, यापरता रस कोणता? भाऊबीजेला भावंडे जमलेली असतात. आईवडील कोणाकडे राहायचे, हा प्रश्न त्या दिवशी घरात हजर असतो, पण श्रीखंडाच्या वाटीखाली झाकलेला. हा जपानी पाहुणा ती वाटी हळूच उचलतो. त्यानंतर काय बोलायचे ते तुमचे तुम्ही पाहा.

ही झाली माझी सहा नावे. कोणी विचारील, ‘माणूस’ का नाही, ‘रामशास्त्री’ का नाही, ‘साधी माणसं’ का नाही, ‘सामना’ का नाही? जरूर पाहा की! ही यादी घटनेचे परिशिष्ट नव्हे. हल्ली ‘मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत असे शंभर चित्रपट’ अशा याद्या निघतात. मरण्यापूर्वी! जणू यमदूत दारात उभा राहून खुणा तपासणार आहे. मला शंभर नकोत. सहा पाहा; पण पाहा. ‘पाहा’ याचा अर्थ पहिल्या नावापासून ‘समाप्त’पर्यंत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, मध्ये एकदाच चहासाठी थांबून. त्याचे तुकडे करून, गाणे तेवढे पाहून, पुढे पळवून जो पाहतो, त्याने करंजीतले सारण खाऊन पारी टाकली. आवाज खरखरेल, चित्र मधूनच उडी मारील. पहिली दहा मिनिटे सोसा, अकराव्या मिनिटाला कान सरावतात. आणि लहान मुलांना प्रस्तावना ऐकवू नका. ‘हा फार महान चित्रपट आहे’ एवढे वाक्य मुलाला पळवून लावायला पुरेसे असते.

हे सारे मी एवढ्या तळमळीने का सांगतो आहे, तेही सांगतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. त्याच्या चार रिळांपैकी आज दोनच उरली आहेत. आणि तीही मूळची, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, साल १९३१. त्याची एकही प्रत उरलेली नाही. मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून मूठभर शिल्लक आहेत. जुनी नायट्रेट फिल्म मुळातच ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातल्या चांदीसाठी कित्येक रिळे भंगारात गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने उभे आयुष्य वेचून मिळेल ते रीळ गोळा केले, म्हणून एवढे तरी राहिले. तरीही जानेवारी २००३ मध्ये, प्रभातच्याच जुन्या आवारात, आग लागून नायट्रेटची पुष्कळ रिळे जळून खाक झाली.

जळाले ते गेले. त्यावर हळहळ करून परत येणार नाही. पण जे वाचले त्याचे आपण काय करतो आहोत? ‘तुकाराम’, ‘कुंकू’, ‘शेजारी’ आज बोट लावताच घरच्या संचावर येतात. पूर्वीच्या प्रेक्षकाने त्यासाठी बैलगाडी जोडली होती, तिकिटाच्या रांगेत उभे राहून धक्के खाल्ले होते. आपल्याला बसल्या जागी, तेही पुष्कळदा फुकट, सारे मिळते; आणि आपण ते देव्हाऱ्यात ठेवून दार लावून घेतो. आगीत जळालेला बोलपट एकदाच मरतो. न पाहिलेला बोलपट रोज मरतो. आणि त्याच्या मरणाला कोणी सुतकही पाळीत नाही, कारण त्याच्या गळ्यात ‘अभिजात’ अशी पाटी लटकत असते आणि सर्वांना वाटते, की तो जिवंत आहे.

चित्रपट टिकवण्याचे काम संग्रहालयाचे. तो जिवंत ठेवण्याचे काम घराचे. जिजाईची चप्पल योग्य की अयोग्य यावर एखाद्या घरात सासूसुनेचा वाद झाला, ‘काकासाहेब मोठा की पळपुटा’ यावर नवराबायकोचे बोलणे अडले, ‘समोरच्या दारातल्या माणसाचे नाव काय’ हे विचारायला एखादा मुलगा जिन्यात गेला, की त्या घरापुरता तो बोलपट आज निघाला असे समजावे. मग त्याच्यावर साल कोणतेही असो.

तेव्हा वाचकहो, अंक खाली ठेवा, आणि आज कोणती तिथी आहे ते कालनिर्णयात पाहा.